निरभ्र रात्रीचं दव

दिवाळी सरली की आपल्याकडे आकाश पाहणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. चार महिने ढगांआड गेलेलं आकाश पावसाने धुऊन स्वच्छ झालेलं असतं. तिन्हीसांजेला पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका वर सरकताना दिसला की मुंबई-ठाण्याची मंडळी कल्याण-कर्जत मार्गावर वांगणीला उतरतात, पुण्याची मंडळी मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला एखादं माळरान गाठतात, आणि गावोगावच्या शाळांत एखादे हौशी शिक्षक पटांगणात दुर्बीण मांडतात. नेमक्या याच दिवसांत दवही भरपूर पडतं. भात कापून झालेलं असलं तरी खाचरांतली ओल सुकलेली नसते, ओढे वाहते असतात, तळी भरलेली असतात. दिवसाचं ऊन हे पाणी हवेत नेतं आणि रात्री पारा उतरला की हवेला ते पेलवत नाही. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम बाष्प बाळगते. १० अंशांवर तिला साडेनऊ ग्रॅमही जड होतात. उरलेलं पाणी कुठेतरी उतरणारच. ते उतरतं गवतावर, मोटारीच्या टपावर, अंथरलेल्या सतरंजीवर आणि दुर्बिणीच्या काचेवर.

भिंगावर दव जमतंय हे लगेच कळत नाही. आधी जातं ते अंधूक. देवयानी दीर्घिकेच्या कडा विरतात आणि मधला उजळ ठिपका तेवढा उरतो. मृगातल्या तेजोमेघाचे पंख दिसेनासे होतात. ठळक ताऱ्यांभोवती मऊसं कडं दिसू लागतं, आणि पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावलेल्या मुलाला तारा तसाच असतो असं वाटतं. कोणीतरी म्हणतं, ‘‘आभाळ आलं वाटतं.’’ मान वर करून पाहावं तर तारे लखलखीत. मग टॉर्चचा उजेड काचेवर तिरपा टाकला की दुधट पापुद्रा दिसतो.

अशा वेळी हात आपसूक रुमालाकडे जातो. तो तिथेच थांबवायला हवा. काचेवर पाण्याबरोबर बारीक धूळही असते. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड; ओल्या धुळीवरून रुमाल फिरला की त्यावर कायमचे ओरखडे उठतात. शिवाय पुसून मिळत काहीच नाही. काच थंड ती थंडच राहते आणि पाच मिनिटांत पुन्हा पांढरी होते. दवाचं कारण पाण्यात शोधण्याऐवजी त्या थंडपणात शोधायला हवं, आणि तिथवर पोचायला माणसाला बराच काळ लागला.

दव आकाशातून गळतं की जमिनीतून वर येतं, असा वाद फार जुना. तो मिटवला विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने. जन्म अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचा, व्यवसाय रुग्ण तपासण्याचा, प्रकृती तोळामासा. तरीही हा माणूस लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या एका बागेत रात्र रात्र जागला. त्याचं साहित्य म्हणजे लोकरीचे पुंजके, तराजू आणि तापमापक. दहा-दहा ग्रेन वजनाचे लोकरीचे पुंजके तो बागेत मांडायचा आणि त्यांनी रात्रभरात किती पाणी धरलं ते वजन करून पाहायचा. एकदा त्याने चार खुंटांवर एक फळी आडवी ठेवली. एक पुंजका फळीच्या वर, एक तिच्या खालच्या अंगाला. सकाळी वरच्या लोकरीचं वजन १४ ग्रेननी वाढलेलं होतं, खालच्या लोकरीचं फक्त ४ ग्रेननी. दव जमिनीतून वर येत असतं तर खालचा पुंजका जास्त भिजायला हवा होता. मग आकाशातून गळतं म्हणावं का? तर वेल्सने पुठ्ठा दुमडून त्याचं छप्पर केलं, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवली आणि आत लोकर ठेवली. ती जवळपास कोरडीच राहिली. पाऊस कुठे नव्हताच, हवा दोन्हीकडे तीच होती. फरक एवढाच की एका लोकरीच्या डोक्यावर उघडं आकाश होतं आणि दुसरीच्या नव्हतं.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष क्रमाचा होता. दवामुळे वस्तू गार होते, असं पूर्वी मानत. सुरुवातीला वेल्सचंही तेच मत होतं. मोजमापांनी त्याला उलटं दाखवलं. गवत आणि लोकर आधी गार होतात, भोवतालच्या हवेहूनही गार होतात, आणि मग त्यांच्यावर दव जमतं. हे त्याने १८१४ मध्ये दवावरच्या निबंधात मांडलं. रॉयल सोसायटीने त्याबद्दल त्याला रम्फर्ड पदक दिलं. तीन वर्षांनी तो गेला. पुढे १८३० मध्ये जॉन हर्शेल यांनी विज्ञानाची विचारपद्धती समजावणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा निरीक्षणावरून नियमापर्यंत कसं जावं याचा नमुना म्हणून त्यांनी दवाचंच उदाहरण घेतलं. जॉन हर्शेल स्वतः मोठे ज्योतिर्विद होते, इंग्लंडच्या ओलसर हवेत दुर्बिणीशेजारी रात्री घालवलेले. त्यांनी हे उदाहरण निवडलं यात मला नवल वाटत नाही.

जॉन यांचे वडील विल्यम हर्शेल यांचाही या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो मला फार आवडतो. १८०० साली सूर्याचा प्रकाश लोलकातून नेऊन प्रत्येक रंगात तापमापक ठेवताना, तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथेही पारा चढतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपली ऊब या जातीच्या, पण आणखी लांब लहरींच्या किरणांनी सतत बाहेर टाकत असते. भिंती, झाडं, ढग तेवढीच ऊब परत पाठवतात, म्हणून हिशेब जुळतो. निरभ्र आकाश मात्र घेतं खूप आणि देतं थोडं. आपल्या हातांनी आरसे घासून दुर्बिणी घडवणाऱ्या हर्शेलना सापडले ते नेमके त्या कुळातले किरण, ज्यांच्या वाटेने दुर्बिणीची ऊब रात्री आकाशात निघून जाते.

यात काचेची एक गंमत आहे. दृश्य प्रकाशाला आरपार वाट देणारी ही वस्तू लांब लहरींच्या अवरक्त किरणांच्या लेखी जवळजवळ काळी असते. त्यांना ती शोषते आणि तितक्याच सहज बाहेर टाकते. त्यामुळे उघड्या आकाशाखाली भिंग झपाट्याने गार होतं. हवा दमट असली की त्याला फार गारही व्हावं लागत नाही. सोपा आडाखा असा: आर्द्रता १०० टक्क्यांहून जेवढी कमी असेल त्या आकड्याला पाचाने भागायचं, हवेच्या तापमानापेक्षा तेवढे अंश खाली दवबिंदू तापमान असतं. राजस्थानातल्या वाळवंटी रात्री आर्द्रता ५० टक्के असेल तर भिंगाला दहा अंश उतरावं लागेल. नोव्हेंबरात उल्हास नदीच्या खोऱ्यात ती ९० टक्के असली, तर अवघे दोन अंश. तेवढं तर ते मध्यरात्रीच्या आतच उतरतं.

आता हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की मन थबकतं. ढगाळ रात्री दव पडत नाही, कारण ढग ऊब परत पाठवतात; पण ढगाळ रात्री तारेही दिसत नाहीत. वाऱ्याच्या रात्री दव जमत नाही, कारण वारा काचेला सतत हवेच्या तापमानाशी आणून ठेवतो. पण वाऱ्यात दुर्बीण थरथरते आणि ग्रहाचं बिंब पाण्यात पडल्यासारखं हलतं. आंब्याखाली दुर्बीण मांडली तर ती कोरडी राहील, आणि दिसतील फक्त आंब्याची पानं. ज्या रात्री आकाश सर्वांत मोकळं आणि हवा सर्वांत निश्चल, तीच रात्र दवाची. चांगली रात्र आणि तिच्यावरचं विघ्न यांचं कारण एकच आहे. दवाला शिव्या देणाऱ्याला हे समजावून सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प होतो, असा माझा अनुभव आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय मला विचार म्हणूनही मोलाचा वाटतो. दुर्बिणीतून आपण पाहतो ते आकाश केवढं? कमी शक्तीची नेत्रिका लावली तर एक-दोन अंश, जास्त शक्तीची लावली तर पुनवेच्या चंद्राएवढंही नाही. भिंग मात्र आपली ऊब देत बसतं क्षितिजापासून क्षितिजापर्यंतच्या अख्ख्या घुमटाला. पाहायचं इतकंसं आणि थंडी सगळ्या आकाशाची. म्हणून भिंगाच्या पुढे एक नळी चढवायची, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबीची. हौशी मंडळी तिला ड्यू शील्ड म्हणतात. नळी दुप्पट लांबीची असेल तर भिंगाच्या मध्यापुरता भूमितीचा हिशेब असा येतो की, जितक्या आकाशाकडे त्याची ऊब जात होती त्यातलं सहा टक्क्यांच्या आसपासच समोर उरतं. बाकीचं नळीने अडवलं. आणि जे पाहायचं त्यातला एक कणही अडलेला नसतो! ज्याच्याकडे पाहत नाही त्याच्यासाठी उघडं राहायचं कारणच नव्हतं, हे त्या नळीमुळे कळतं.

ही नळी विकत आणावी लागत नाही. व्यायामासाठी वापरतात त्या फोमच्या चटईचा तुकडा कापून गुंडाळला, वेल्क्रोची पट्टी लावली, आतून काळा कागद चिकटवला की झालं. पत्र्याच्या नळीपेक्षा फोमची बरी, कारण पत्रा स्वतःच आकाशापुढे गार पडतो आणि ती गारठ आतपर्यंत पोचवतो. फोम बाहेरून गारठला तरी आतली बाजू सांभाळून धरतो. शाळेतल्या मुलांकडून आधी ही नळी करून घ्यावी आणि मग दुर्बिणीला हात लावू द्यावा, असं माझं मत आहे. अर्ध्या तासात होते, आणि दव का पडतं ते फळ्याशिवाय समजतं.

आरशाच्या दुर्बिणीला हा आडोसा जन्मजातच मिळालेला असतो. न्यूटनने शोधलेल्या रचनेत मुख्य आरसा लांब नळीच्या तळाशी बसतो, त्यामुळे तो बराच वेळ कोरडा राहतो. आपल्याकडे स्वतः आरसा घासून दुर्बीण करणाऱ्यांची परंपरा आहे. पुण्याच्या आयुकामध्ये त्यासाठी कार्यशाळा होत आल्या आहेत. कित्येकांच्या घरी अशी हातची दुर्बीण असते. तिचा तोंडाजवळचा छोटा तिरपा आरसा आणि नेत्रिका मात्र सांभाळाव्या लागतात. नेत्रिका वापरात नसेल तेव्हा सरळ खिशात ठेवावी. अंगाची ऊब तिला पुरते. सर्वांत जास्त त्रास होतो तो पुढे पातळ काच असलेल्या आखूड, जाड श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणींना. त्यांची ती काच नळीच्या अगदी तोंडाशी, आकाशाला पूर्ण उघडी असते.

नळी करून थंडी लांबते, टळत नाही. पहाटेपर्यंत बसायचं तर थोडी ऊब द्यावी लागते. भिंगाच्या कडेभोवती पट्टा बांधून त्यात विजेने उष्णता आणायची. बाजारात असे पट्टे मिळतात, घरीही होतात. ३३० ओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडून १२ व्होल्टच्या बॅटरीला लावले तर सगळे मिळून पावणेनऊ वॅट उष्णता देतात, आणि मध्यम आकाराच्या दुर्बिणीला एरवी तेवढी पुरते. हे काम पहिल्या तासाला करायचं, काच पांढरी झाल्यावर नव्हे. एकदा जमलेलं दव घालवायला जी उष्णता लागते ती दव येऊ न देण्याच्या कितीतरी पट असते, कारण पाण्याच्या प्रत्येक ग्रॅमची वाफ करायला जवळपास अडीच हजार जूल मोजावे लागतात.

आणि ऊब किती द्यायची, याला फार महत्त्व आहे. दवबिंदू तापमानापेक्षा एक-दोन अंश वर, बस. त्याहून जास्त दिली तर काचेलगतची हवा तापून वर उठते, तिचे झोत नळीतच खेळू लागतात आणि शनीची कडी थरथरताना दिसतात. दव गेलं आणि दृश्यही गेलं, असं होतं. हेअर ड्रायर हाती असलेले लोक उत्साहाने तीच चूक करतात. तो लांबून, मंद आणि अगदी थोडा वेळ वापरायचा, पट्टा नसेल तेव्हाच.

यात एक भिंग असं आहे की त्याच्यावर दव कधीच पडत नाही, ते म्हणजे आपला डोळा. तोही ओला असतो, तोही तासन् तास आकाशाकडे उघडा असतो. पण आत रक्त खेळतं आहे, आणि डिसेंबरातल्या मिथुनेच्या उल्कावर्षावाला सतरंजीवर पडून राहिलेल्यांच्या शालींवर दव चमकत असतानाही त्यांचे डोळे निवळ राहतात. फक्त त्याच डोळ्याच्या आणि श्वासाच्या वाफेने नेत्रिका धूसर होते, म्हणून पाहताना तोंडावर मफलर ओढून घ्यावा.

मोठ्या वेधशाळांनी या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. त्या कोरड्या उंचीवर गेल्या. लडाखमधल्या हानलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटरवर, हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि ती बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. आयुकाची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे, २००६ पासून. तिला घुमट आहे, पण पावसाळ्यात तो उघडता येत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींचा विस्तार आहे. त्यांना दवाची फिकीर नाही, कारण रेडिओ लहरींपुढे थेंबांचा तो पापुद्रा नगण्य ठरतो. ही उत्तरं संस्थांची आहेत आणि ती योग्यच आहेत. पण कोकणातल्या, गोव्यातल्या, केरळातल्या मुलाने हानलेची वाट पाहत बसायचं का? दमट हवेत आकाशदर्शन होत नाही, ती हौस कोरड्या मुलखाची, असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. या देशातली कितीतरी माणसं दमट किनाऱ्यावर आणि नद्यांच्या खोऱ्यांत राहतात. त्यांचं आकाश जिथे आहे तिथूनच त्यांनी पाहायला हवं, आणि फोमची नळी व एक बॅटरी एवढ्यावर ते जमतं.

दुर्बिणीवाल्यांना जे विघ्न वाटतं त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं भागतं, हेही या माळावरच दिसतं. भात निघालं की कोकणात त्याच जमिनीत वाल पेरतात. पाणी द्यायचं नाही. जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यांच्या जिवावर तो वाढतो, असं शेतकरी सांगतात. सकाळी आम्ही दुर्बीण आवरत असताना बांधावरून जाणारे एक काका हमखास म्हणतात, ‘‘काल दव बरं पडलं.’’ देशावर हरभऱ्याच्या पानांवर आम्ल सुटतं; रात्री पिकावरून पातळ फडकं पसरून ठेवायचं आणि पहाटे दवाने भिजलेलं ते फडकं पिळून आंब गोळा करायची, ही जुनी रीत. आणि त्याच आकाशाने एके काळी बर्फही दिलं. अलाहाबादला उथळ खड्ड्यात उसाची नि मक्याची ताटं अंथरून, त्यावर मातीच्या पसरट परळांत उकळून निववलेलं पाणी रात्रभर ठेवून बर्फ कसं मिळवत, याचं वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये प्रसिद्ध केलं. हवा गोठणबिंदूइतकी गार नसतानाही पाणी गोठत असे. ताटं खालची ऊब अडवत आणि वरचं निरभ्र आकाश पाण्यातली ऊब नेत राही. वेल्सने आपल्या निबंधात या बर्फाचाही विचार केला आहे.

आता उजाडल्यावरचं काम. पहाटे आवरायची घाई असते, घरची ओढ असते, आणि ओली दुर्बीण झाकण लावून पेटीत बंद केली जाते. दमट मुलखात दुर्बिणीचं खरं नुकसान यातून होतं. अंधार, ओल आणि साचलेली हवा मिळाली की काचेवर बुरशी धरते. तिचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि तिच्यातून सुटणारं आम्ल मुलामा खातं. मुलामा एकदा गेला की पुसून परत येत नाही. म्हणून घरी आल्यावर झाकणं काढून दुर्बीण पंख्याच्या हवेत ठेवावी, तोंड किंचित खाली करून, म्हणजे थेंब वाळताना धूळ आत बसणार नाही. उन्हात ठेवू नये. एखादा थेंब सुकून डाग राहिला तरी लगेच चोळायचा नाही; तो तसाच राहिला तर दृश्यात फरक पडत नाही. दुपारपर्यंत सगळं कोरडं झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटी बंद करावी. पुड्यांमधले निळे किंवा केशरी दाणे रंग बदलायला लागले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला पेटी उघडून हे दाणे पाहावेत, कारण त्या काळात दुर्बीण बाहेर निघत नाही आणि बुरशीला सर्वांत जास्त सवड तेव्हाच मिळते.